टाकीतली वस्ती

१

माझ्या जावयानं माझ्या हातून पाण्याचा पेला घेतला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ते मला अजून लागलेलं आहे.

घामानं निथळत आला होता. मी स्वतः उठले. या घरात मी कुणासाठी उठत नाही, सुनेला विचारा. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्यासाठी उठावं लागतं. पेला पुढं धरला, तर हा गृहस्थ दोन्ही हात पँटच्या खिशात घालून म्हणतो, "ठेवा तिथं, आई. घेतो मग." एवढ्या उकाड्यात खिशात हात! म्हटलं, अंडी उबवत बसलेत की काय. माझी लेक शेजारी जमिनीकडं बघत बसली होती. पाणी तसंच राहिलं. ती दोघं गेल्यावर मी ते कुंडीत ओतलं.

तेव्हा मी बोलले नाही. सकाळीच पोलिसांनी माझ्या थोरल्याला नेलं होतं, आणि घरात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. जावई धीर द्यायला आला होता. असा धीर कुत्र्यालाही देऊ नये.

थोरला गावाच्या सांडपाण्याच्या केंद्रावर कामाला. गावभरच्या मोऱ्या, न्हाण्या, संडास, सगळ्यांचं पाणी तिथं येतं आणि साफ होऊन नदीत जातं. कसं साफ होतं ते त्यानं मला जेवताना इतक्यांदा ऐकवलंय की माझा घास अडायचा बंद झाला. "आई, मोठी टाकी आहे. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. खालून आम्ही हवा सोडतो, ते श्वास घेतात आणि घाण खातात. एकानं टाकलेलं दुसरा खातो, दुसऱ्यानं टाकलेलं तिसरा. कुणी एकट्यानं जगत नाही तिथं. गावासारखं गाव आहे." त्या गावाला तो वस्ती म्हणायचा. आज वस्ती खूश आहे, आज वस्तीला थंडी बाधली. सून चिडायची, "मला ताप आला तर तुम्हाला कळत नाही, आणि किड्यांचं अंग तापलेलं बरं कळतं!"

त्या आठवड्याच्या सुरुवातीला भर दुपारी त्याचा फोन आला. "आई," म्हणाला, आणि पुन्हा एकदा, "आई." मग म्हणाला, "वस्ती मेली."

मेलेली वस्ती पाणी साफ करत नाही. पण वरून पाणी यायचं थोडंच थांबतं? गाव काही संडासाला कुलूप लावून बसत नाही. सगळी घाण जशीच्या तशी नदीत उतरली. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी झोपड्या आहेत. त्या माणसांना नळ नाही, ती नदीचंच पाणी पितात. तिलाही लोक वस्तीच म्हणतात, खालची वस्ती. आधी तिथली पोरं आजारी पडली, मग म्हातारी माणसं, आणि मग एका बाईचं तान्हं बाळ गेलं.

बाळ गेल्यावर फौजदार केंद्रावर आला. त्यानं विचारलं, टाकीत काय झालं. माझा थोरला पुढं झाला आणि म्हणाला, माझ्याच हातून झालं.

काय केलंस विचारलं तर गप्प.

आता हा मुलगा लहानपणी वाटेतली मुंगी बघून पाय बाजूला टाकायचा. त्या टाकीत तो थुंकलादेखील नसता. तो खोटं बोलत होता. आणि खोटं कुणासाठी बोलत होता ते मला शोधायचं होतं, कारण न्यायाधीशाला आयता कबुली देणारा मिळाला की तो दुसरा शोधत बसत नाही.

२

सुनेला घेऊन मी केंद्रावर गेले.

टाकी मी पूर्वी एकदा पाहिली होती. तेव्हा तिचा रंग ओल्या मातीचा होता आणि वासही पावसानंतरच्या परसाचा. आता पाणी राखेसारखं, आणि वर पांढरा फेस, इतका की वाऱ्यानं उडून कुंपणाच्या तारांना लटकला होता. वास सांगत नाही. हवेचे पंखे मात्र घरघर चाललेच होते. मेलेल्या माणसाला कुणी वारा घालत बसावं तसं.

तिथला साहेब म्हणजे थोरल्याच्या शाळेतला सोबती. एका बाकावर बसायचे, माझ्याकडं जेवायचा. आता फिरत्या खुर्चीत बसतो. मला बघून उठला, एवढं खरं.

"काकू, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. मी काय करणार?"

"तू काही करू नकोस. तू आधीच काय केलंयस ते सांग."

"मी?"

"वीज वाचवायला दुपारचे पंखे बंद ठेवतोस म्हणे. थोरला घरी येऊन हळहळायचा. हवा बंद, श्वास बंद. लेकरांच्या तोंडावर उशी दाबलीस आणि नाव माझ्या मुलाचं!"

त्याचा चेहरा उतरला. सुनेनं माझा पदर ओढला, मी तो सोडवून घेतला.

"काकू, वरून सांगतात, बिल कमी करा. थोडा वेळ बंद ठेवायचो, नाही म्हणत नाही. पण मी त्या दिवशी इथं नव्हतो, बैठकीला होतो. आणि तुमचा मुलगा तरी काय कमी आहे? मी इथला प्रमुख. पण सगळ्यांसमोर, 'अरे, तुला अक्कल आहे का, पंखा लाव!' पाहुण्यांसमोर अरे! वरचे साहेब आले होते त्यांच्यासमोर अरे! कितीदा सांगितलं, निदान चार माणसांत तरी अहो म्हण. तर म्हणतो, तुझी चड्डी फाटली तेव्हा माझ्या आईनं शिवलीय."

"शिवलीच होती," मी म्हटलं. "आणि तू बैठकीला होतास याला पुरावा काय?"

तो टेबलावरचे कागद चाळायला लागला. माझी खात्री पटली. सुनेच्या डोळ्यांत त्या दिवसांत पहिल्यांदा काही हललं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आजी, पंख्यांनी नाही मेली ती. मला तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं."

३

ती तिथली प्रयोगशाळेची मुलगी. पांढरा कोट, डोळे रडून सुजलेले. तिनं मला तिच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि भिंतीवरचा एक काटा दाखवला.

"हा टाकीतल्या पाण्यात किती हवा आहे ते सांगतो. पंखे बंद पडले असते तर काटा तळाला गेला असता, हो ना? त्या दुपारी तो वर गेला. चढतच गेला."

"म्हणजे हवा वाढली?"

"हवा तेवढीच. श्वास घेणारे संपले. म्हणून ती उरली."

मी त्या काट्याकडं बघत राहिले. आमच्या घरातही त्या दिवसांत भात असाच उरत होता.

मग तिनं मला भिंगाच्या यंत्रातून एक थेंब दाखवला. बाजूला भिंतीवर पूर्वीचे फोटो होते. त्यांत देठावर उभ्या घंटा होत्या, तोंडाशी चाक फिरवणारे जीव होते. यंत्रातल्या थेंबात देठ आक्रसून वेटोळे झालेले, घंटा गळून पडलेल्या. कुठं काही हलत नव्हतं.

"हळूहळू मेले नाहीत हे. कुणीतरी विष घातलंय," ती म्हणाली. "आणि यातले काही जीव फार सावकाश वाढतात. दुसऱ्या गावच्या टाकीतून गाळ आणून बी लावता येईल, पण विषाचा अंश तळाच्या गाळात बसलाय. आधी तो सगळा उपसायला लागेल. तोवर नदीत घाणच जाणार. काकांनी ही वस्ती मुठीएवढ्या गाळापासून वाढवली होती."

"काका कोण?"

"तुमचाच मुलगा. मला म्हणायचे, अगं पोरी, आधी यांना जेवायला मिळालं का बघ, मग तू डबा खा." ती कोटाच्या बाहीला नाक पुसायला लागली. मी तिला माझा रुमाल दिला. शिकलेल्या मुलींकडं रुमाल नसतो.

"विष कुणाचं?"

"माझा संशय टँकरवर आहे. तो घराघरांच्या संडासाच्या टाक्या उपसून आणतो. पण कारखान्यांचंही काही गुपचूप आणत असेल. त्या दुपारी तो इथं होता. आणि हे बघा."

तिनं मला बाहेर नेलं. टाकीच्या काठानं चालायचा अरुंद पूल आहे, त्याला कठडा आहे. एका जागी कठड्यावर आणि खालच्या सिमेंटवर पिवळाजर्द ओघळ वाळला होता, नारिंगीकडं झुकणारा.

"धातूला चकाकी चढवतात ना, त्या पाण्याचा रंग असा असतो. फौजदारांना दाखवला. ते म्हणाले, गुन्हा कबूल झालाय, रंग कशाला बघायचा."

मी त्या डागावर बोट टेकवणार, तर तिनं माझं मनगट धरलं. "आजी, नको! कातडीला डाग पडतो. महिना महिना जात नाही. पुढं भोकं पडतात."

मी हात मागं घेतला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण डोळ्यांसमोर टँकर होता.

४

टँकरवाला पहिल्या हौदापाशी नळी धूत होता. सून आणि प्रयोगशाळेची मुलगी माझ्या मागोमाग आल्या. गावातून येणारं पाणी आधी या हौदात पडतं, तिथं चिंध्या, केस अडकतात, आणि मग पुढं टाकीत जातं. टँकरवाला गोल पोटाचा, तोंडात काडी.

"तूच का तो विष आणणारा?" मी विचारलं.

"आलात? या. सगळे येऊन गेले, तुम्हीच राहिला होता." त्यानं काडी काढली. "आजी, माझा धंदा घाणीचा. पण मी प्रामाणिक घाण आणतो."

"घाणीत प्रामाणिक काय असतं रे?"

"वाका इथं. नाक धरा हवं तर. काय दिसतंय?"

हौदाच्या कडेला, गाळाच्या पट्ट्यात अळ्या वळवळत होत्या. काठाला हिरवं शेवाळ.

"माझी नळी इथंच सुटते, टाकीत नाही," तो म्हणाला. "टँकरमधून विष आलं असतं तर आधी या मेल्या असत्या. त्या बघा कशा लग्नाच्या वरातीसारख्या नाचताहेत. आणि टाकीपर्यंत माझी नळी पोचतच नाही."

मी प्रयोगशाळेच्या मुलीकडं पाहिलं. ती खाली वाकली, बराच वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा म्हणाली, "खरं आहे. हे मी बघायला हवं होतं. विष या हौदातून गेलंच नाही. थेट टाकीत ओतलंय. पुलावरून."

"पुलावर फाटकाच्या आतला माणूसच जातो," टँकरवाला म्हणाला, आणि मग जरा घुटमळला. "आजी, मी फौजदाराला सांगितलं नाही. आपण कशाला मोठ्या माणसांच्या भांडणात पडा. पण मी ऐकलं होतं."

"काय ऐकलंस?"

"मी पाठमोरा होतो, मोटर चालू होती. तिकडून तुमचा मुलगा जीव खाऊन ओरडला. 'अहो, ओतू नका! अहो, मरतील ते!' असं. मला वाटलं, माणसं मरताहेत. मोटर बंद करून धावलो, तर हा एकटाच पुलावर कठडा धरून उभा. मागच्या फाटकापाशी धूळ उडत होती, कुणीतरी नुकतं गाडी घेऊन गेल्यासारखी. मी विचारलं, कोण होतं? तर म्हणाला, जा, तू तुझं काम कर."

सून म्हणाली, "अहो म्हणाले? म्हणजे साहेबच!"

"मला तेच वाटलं," टँकरवाला म्हणाला. "इथं अहो म्हणण्यासारखा दुसरा आहे कोण? मला तर तो 'अरे गधड्या' म्हणतो."

सून तशीच साहेबाच्या खोलीकडं निघाली, पदर खोचून. मी तिला हाक मारली.

"थांब. साहेब नाही."

"का नाही?"

मी तिथल्या पायरीवर बसले. उत्तर मला आलं होतं, आणि ते तोंडाबाहेर काढायची माझी इच्छा नव्हती.

५

लेकराला आपण बोलायला शिकवतो, तेव्हा पहिलं काय शिकवतो? कुणाला अरे म्हणायचं आणि कुणाला अहो. ते एकदा जिभेला लागलं की घर पेटलं तरी जीभ चुकत नाही. माझा थोरला साहेबाला वरच्या साहेबांसमोर अरे म्हणतो. जीव खाऊन ओरडताना तो अहो म्हणेल? मरेल, पण म्हणणार नाही. प्रयोगशाळेच्या मुलीला अगं म्हणतो. टँकरवाला गधडा.

ज्याला माझ्या मुलानं अहो म्हणावं आणि मागच्या फाटकानं येऊ द्यावं, असा माणूस जगात एकच. वयानं त्याच्याहून लहान. नळांना, दारांच्या मुठींना चकाकी चढवायचा छोटा कारखाना चालवतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळावर त्यानंच मुलामा दिलाय, मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. आणि त्यानं माझ्या हातून पेला घेतला नाही, कारण पेला घ्यायला हात खिशातून काढावा लागतो.

कोठडीत थोरल्याला भेटायला मी एकटी गेले. दाढी वाढली होती. दुपारचं जेवण दाराशी तसंच होतं.

"बरा आहेस का," मी विचारलं नाही. विचारलं ते हे: "जावईबापूंना तू अहो का म्हणतोस रे?"

त्यानं मान वर केली.

"तुझ्याहून लहान आहेत. एकदा तरी अरे म्हणायचं होतंस. टँकरवाल्यानं ऐकलंय सगळं."

आधी त्यानं नाही नाही म्हणून मान हलवली. मग गजाला कपाळ लावलं आणि इतक्या हळू बोलायला लागला की मला कान पुढं न्यावा लागला.

"आधीपासून आणायचे ते, आई. दोन-दोन कॅन. कारखान्याच्या मोरीत सोडलं तर पकडतात म्हणून. पहिल्या हौदात थोडं थोडं सोडायचे, गावभरच्या पाण्यात मिसळून जायचं, वस्ती सोसायची. मी म्हणायचो, नका आणू. ते हसायचे. जावई आहेत, दारातून कसं हाकलायचं? फाटक मीच उघडायचो. त्या दिवशी तपासणीवाले येणार म्हणून घाईत पिंपच घेऊन आले. हौदापाशी टँकर उभा. थांबायला वेळ नव्हता त्यांना. म्हणून पुलावर चढले आणि... मी पलीकडच्या टोकाला होतो. धावलो. ओरडलो."

"मग हे फौजदाराला का सांगत नाहीस?"

"धाकटीचं घर मोडेल."

"आणि तुझं?"

"फाटक मीच उघडलं ना, आई." त्याच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं, तेच मला बघवलं नाही. "ते बाळ माझ्याही फाटकातून गेलं. मग एकाच्या जागी दोघांनी कशाला सडायचं? एवढं तरी वाचू दे."

मी त्याच्या केसांतून हात फिरवायला गेले, पण गजांतून बोटंच जेमतेम पोचली. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "चला आजी, वेळ झाली."

६

लेकीच्या घरी गेले तेव्हा दोघंही घरात होती. कारखाना बंद होता. दाराची मूठ, खिडकीची कडी, नळ, सगळं असं चकाकत होतं की जिकडं बघावं तिकडं माझाच म्हातारा चेहरा.

जावई उठले. हात खिशात.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले, पेला भरला, आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"पाणी घ्या, जावईबापू."

"ठेवा तिथं, आई."

"नाही ठेवत. हातात घ्या. माझा हात दुखतोय, आणि मी आज पेला खाली ठेवणार नाही."

लेक म्हणाली, "आई, जाऊ दे ना..."

"तू गप्प बस."

पेला मी आणखी पुढं सारला. पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर पडलं. शेवटी त्यांनी हात बाहेर काढले. बोटं पिवळी, नखांच्या कडा नारिंगी, आणि दोन बोटांच्या पेरांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे खड्डे. त्या हातांनी त्यांनी पेला घेतला. प्यायले नाहीत. नुसता धरून राहिले.

"रोजच काम करतो मी त्यात," ते म्हणाले. "त्यात काय?"

"रोजचे हात रोज कधी खिशात नव्हते. पुलाच्या कठड्यावर हाच रंग आहे. मी थोरल्याला भेटून आलेय."

ते खाली बसले. सगळं एकदम बाहेर पडायला लागलं, फुटलेल्या नळासारखं. "आई, मला काय माहीत? गटारच आहे ते! गावाची घाण तिथं जाते, त्यात माझी थोडी गेली तर काय बिघडलं? दादा म्हणायचे जीव आहेत, जीव आहेत. घाणीत कसले जीव? मला वाटलं, त्यांना वेड लागलंय. घाणीत घाण टाकली मी, आई, दुसरं काय केलं?"

"आणि ओतू नका म्हणून ओरडला तेव्हा?"

"ते नेहमीच म्हणायचे, अहो नका, अहो नका. आणि नेहमी फाटक उघडायचे."

माझ्या मुलाचं अख्खं आयुष्य त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

मी लेकीकडं वळले. "तुला माहीत होतं?"

तिनं मान खाली घातली. "त्याच दिवशी कळलं. शर्ट मीच धुतला." मग तिनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक हिशेबी शांतपणा होता, तो मी कधी पाहिला नव्हता. "आई, दादानं स्वतःहून घेतलंय अंगावर. तो काही वर्षांत सुटेल. माझं घर एकदा मोडलं की मोडलं. तूच शिकवलंस ना, घर सांभाळायचं? आमचं तिघांचं ठरलंय. तूच तेवढी मध्ये येतेयस."

तिघांचं ठरलं होतं. मुलानं, लेकीनं, जावयानं. मी पोसलेलं सगळं घर एका बाजूला बसून ठरवून मोकळं झालं होतं. त्यात ती खालच्या वस्तीतली बाई नव्हती, जिचा पाळणा रिकामा आहे. तिला कुणी विचारलं नव्हतं. टाकीतल्यांना तर तोंडच नव्हतं.

क्षणभर मला वाटलं, जाऊ दे. घरी जावं, पडून राहावं. थोरला सुटणार नाही, सुटला तरी तो ज्यासाठी सकाळी उठायचा ते मेलंय. लेक मला दारात उभी करणार नाही. बाळ येणार नाही. मी काहीही बोलले तरी यातलं एकही परत येणार नाही, हे मला पिवळ्या बोटांइतकं स्वच्छ दिसत होतं. आणि न बोलले तर या घरात सगळं असंच चकाकत राहणार होतं.

"जावईबापू," मी म्हणाले, "माझ्या लग्न झालेल्या लेकीचं कुंकू म्हणून मी तुम्हाला अहो म्हणत आले. माझा मुलगाही म्हणत आला. वस्ती डोळ्यांसमोर मरत होती, तरी त्याच्या तोंडून अहोच निघालं, ओतू नकाच निघालं. ती विनवणी होती. विनवणी कुणी ऐकत नसतं. त्या दिवशी त्याच्या तोंडून एकदा अरे निघालं असतं, तर तुमचा हात थबकला असता, निदान दचकून. ते त्याला जमलं नाही, कारण मान देणं मी त्याला शिकवलं आणि तुम्ही त्या मानात पिंप ओतलंत. घाणीत घाण टाकली म्हणता. ती घाण नव्हती. घाण इथं आहे, या घरात, आणि हिला खाऊन साफ करणारा एकही जीव शिल्लक नाही. माझा मुलगा फाटक उघडल्याची शिक्षा भोगेल, ती मी चुकवणार नाही. पण तुझी तो भोगणार नाही. ऐकलंस? तुझी. अरे, ऊठ. तो पेला ठेव खाली. आणि हात खिशात घालू नकोस, असेच उघडे ठेवून माझ्या पुढं चल. खालच्या वस्तीवरून जायचंय आपल्याला, फौजदाराकडं जायची वाट तिथूनच आहे."